आलीरोला, पुस्तक सोपवताना

मंगळवारपासून लांच तुझी, आलीरो,
पेट्या तुझ्या, आणि हे पुस्तकही.
कोपरे उंदरांनी नाही, बाळांनी कुरतडलेत.
सहाव्या पानावरचा डाग बटाट्याच्या मिल्काओचा.
चरबी आहे. पुसू नकोस, पसरेल.

चिलोएच्या या बाजूच्या सगळ्या बेटांवर
हे मी सतरा वर्षं वाचलं.
खिडकीकडे पाठ करून बसू नकोस,
चित्रं काळी पडतात.
आणि पहिलं पान उभं राहून:

  पुदू हरणा, पुदू हरणा, उंची तुझी केवढी?
  बसायच्या बाकाएवढी, फार तर एवढी!
  आईला शोधतंय, बंद आहे दार,
  ठोका रे पोरांनो, टकटक चार!

चारावर कुणी थांबत नाही.
धाकटा कार्कामो फळीवर अकरा वेळा ठोकतो.
ठोकू दे. म्हण, दार अकराव्यालाच उघडतं.

  धुकं आलं दाट, बुडून गेली वाट,
  फुगवा सारे गाल, आणि सोडा वारा:
  फूऽऽऽ!
  गेलं का? नाही? मग पुन्हा मारा!

जून-जुलैत सगळ्यांना सर्दी असते,
तेव्हा हे पान वाचून झालं की बाहीने पूस.
एकदा त्या फुंकरीबरोबर
खिडकीबाहेरचं धुकं खरोखर उठलं.
पोरं माझ्याकडे बघत राहिली.
मीही काही बोलले नाही.

  पाणमांजर म्हणतं, बस माझ्या पाठी,
  पुस्तक जरा कलवा, लाट येते मोठी!

तू पुस्तक कलवलंस की अख्खा वर्ग कलतो.
बोटीत वाढलेली पोरं ती, पडत नाहीत.
तू पडशील. स्टूल धरून ठेव.

आता सातवं पान. आवाज खाली आण.

  शूऽऽ! झाडाच्या ढोलीत ग्विन्या निजली,
  ठिपक्यांची रानमांजर, शेपूट मिटली.
  चवड्यांवर चाला, आवाज नको काही,
  जागी झाली तर... पुढचं पान नाही!

सतरा वर्षं सगळे इथे श्वास धरायचे.
दोन वर्षांपूर्वी नायारेत, तेव्हा चार वर्षांची,
बाकावर चढली आणि ओरडली,
"ऊठ गं! ऊठ!
सगळे फिरायला जातात, हिलाच का झोपवता?"

तिच्याच आजोबांच्या, बाल्दोमेरोच्या खुराड्यातल्या
तीन कोंबड्या त्या महिन्यात ग्विन्याने नेल्या होत्या.
तरीही, ऊठ.

पान उलटलं. पुढचं पान अर्थात होतंच,
नेहमीसारखंच: पुदू, आई, गवत.
पण पोरं आता मांजर शोधत होती.
झुडपामागे? नाही. आईच्या पायाशी? नाही.
"उठली ना? मग गेली कुठे?"
मला सुचेना. पुस्तक मिटलं,
सांगितलं, भरती संपायच्या आत निघायला हवं.
भरतीला अजून तासभर होता.

पुढच्या फेरीला नायारेत धक्क्यावरच उभी.
हातात पिठाच्या पिशवीचा कागद, त्यातून कापलेली ग्विन्या,
पाय पाच, मिशा एकाच बाजूला, डोळे टक्क उघडे.
तिने ती पुस्तकात सरकवली आणि पळाली.

ती सुटीच आहे. डिंक लावू नकोस.
लांच हलते तशी तीही आत हलते,
कधी पाणमांजराच्या पाठीवर निघते,
कधी धुक्यात नुसती शेपूट.
एकदा थेट पुदूच्या आईसमोर निघाली,
तेव्हा वर्गात जो गोंधळ झाला,
बाईंना घंटा वाजवावी लागली.
पोरं विचारतील, आज कुठे आहे?
म्हण, मला माहीत नाही. खरंच नसेल माहीत.

सातव्या पानावरच्या ओळी मात्र तशाच वाच, हळू.
ओरडणारं कुणीतरी निघतंच.

आणि धक्क्यावर वारा असताना पुस्तक उघडू नकोस.
मागच्या मार्चमध्ये ती उडाली, निघाली पाण्याकडे.
बाल्दोमेरो दोर बांधत होता.
डोक्यावरची टोपी काढून त्याने ती झडप घालून धरली,
आत डोकावला, आणि म्हणाला,
"परत तूच!"
मग खिशातल्या रुमालात कोरडी करून
माझ्या हातात दिली.